राजदूत परत केव्हा पाठवायचा?

मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात होते, तेव्हा त्या शहरात भारताचा एकही अधिकारी नव्हता. १९५५ साली गोव्यात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी अवस्थेत पकडले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. भारताच्या हाती लागलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक पुढच्या काही महिन्यांत आपापल्या घरी पोचले. रानडे मात्र सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. ज्या मुक्तीसाठी ते लढले, ती मिळून सात वर्षं झाल्यावर. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती उभी केली. १९६८ मध्ये सी. एन. अण्णादुराई पोप सहावे पॉल यांना भेटले आणि त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला. एका संगीतकाराला आणि एका मुख्यमंत्र्याला हे करावं लागलं, कारण एरवी ज्याने करायचं त्या दूतावासाला लिस्बनमध्ये जागाच नव्हती.

दोन सरकारांचे संबंध तुटतात तेव्हा चर्चा होते ती प्रतिष्ठेची, सुरक्षेची, धडा शिकवण्याची. ते परत जोडायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो तो क्रमाचा. ज्यावरून भांडण झालं ते आधी मिटवायचं आणि मग राजदूत पाठवायचा, की राजदूत आधी पाठवायचा आणि भांडण त्याच्या हाती द्यायचं? स्वतंत्र भारताने या प्रश्नाची निरनिराळ्या वेळी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. पोर्तुगाल, चीन, पाकिस्तान आणि अलीकडे कॅनडा या चार प्रकरणांवरून, आणि बाहेरच्या दोन-तीन उदाहरणांच्या आधाराने, या वादात आज आपण कुठे आहोत ते इथे पाहायचं आहे.

तुटणं म्हणजे नेमकं काय

'संबंध तुटले' हा शब्दप्रयोग आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात त्याच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर राजदूताला 'सल्लामसलतीसाठी' मायदेशी बोलावतात. पुढे एखाद्या अधिकाऱ्याला अवांछित ठरवून परत पाठवतात. मग कर्मचारी कमी करायला सांगतात, वाणिज्य दूतावास बंद करतात, दूतावासाचा कारभार राजदूताऐवजी प्रभारी अधिकाऱ्याकडे देतात. या सगळ्यानंतर येतो तो संबंधविच्छेद. १९६२ च्या युद्धानंतरसुद्धा भारत आणि चीन या शेवटच्या पायरीवर गेले नाहीत. १९७१ मध्ये पाकिस्तान गेला.

या पायऱ्यांचं नियमपुस्तक म्हणजे १९६१ चा व्हिएन्ना करार. राजनैतिक संबंध परस्परांच्या संमतीनेच प्रस्थापित होतात, असं त्याचं दुसरं कलम सांगतं. पंचेचाळिसावं कलम त्याहून महत्त्वाचं आहे. संबंध तुटले, अगदी युद्ध पेटलं, तरी यजमान देशाने दूतावासाची इमारत, मालमत्ता आणि दप्तर सांभाळायचं, आणि पाहुण्या देशाला आपल्या लोकांचं हित पाहायचं काम दोघांना चालेल अशा तिसऱ्या देशाकडे सोपवता येतं. दोन वर्षांनी झालेल्या वाणिज्यदूतविषयक करारात आणखी एक तरतूद आहे: राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्य दूतावासांचे संबंध आपोआप तुटत नाहीत. कायदा करणाऱ्यांनी अशी धरून ठेवायला काही जागा मुद्दाम ठेवली आहे. सरकारं ती किती वापरतात, हा वेगळा प्रश्न.

मान्यता आणि संबंध या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. इस्रायलला भारताने सप्टेंबर १९५० मध्ये मान्यता दिली आणि पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते जानेवारी १९९२ मध्ये. मधली जवळजवळ चार दशकं त्या देशाचं भारतातलं एकमेव अधिकृत दार मुंबईत होतं. मराठी बोलणारी हजारो बेने इस्रायल माणसं याच काळात कोकणातून आणि मुंबईतून तिकडे गेली. उलट बाजूने, काबूलमधल्या तालिबान राजवटीला मान्यता न देताच भारताने ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला.

आधी प्रश्न, मग संबंध

पहिली भूमिका पोर्तुगालच्या प्रकरणात सर्वांत स्वच्छ दिसते. गोव्याबद्दल बोलायलाच पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार तयार नव्हते. ती वसाहत नाही, पोर्तुगालचाच प्रांत आहे, असा त्यांचा दावा होता. भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि उरलेसुरले संबंधही संपले. भारतातलं पोर्तुगालचं काम ब्राझील पाहू लागला आणि भारताचं तिकडचं काम इजिप्त. दादरा-नगरहवेलीला जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथला निकाल १९६० मध्ये लागला. पुढच्या वर्षी लष्करी कारवाई झाली, प्रकरण सुरक्षा परिषदेत गेलं आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तिथे अडलं. त्यानंतर एक तप काहीच हललं नाही.

हललं ते लिस्बनमध्येच. २५ एप्रिल १९७४ रोजी तिथल्या सैन्याने हुकूमशाही उलथवली. नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी भारताशी बोलणी सुरू केली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. त्या कराराचा मजकूर ज्याने लिहिला असेल, त्याला भाषेची उत्तम जाण होती. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली हे प्रदेश भारतीय संविधानानुसार ज्या ज्या तारखेला भारताचे भाग झाले, त्या त्या तारखेपासून पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्यामुळे भारताला नव्याने काही मिळालं असं झालं नाही, आणि पोर्तुगालला नव्याने काही द्यावं लागलं असंही झालं नाही. त्याच कराराने राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले.

या भूमिकेच्या समर्थकांचं म्हणणं असं, की मूळ प्रश्नाचा निकाल लावून जुळलेलं नातं पुन्हा त्याच जागी मोडत नाही. पोर्तुगालच्या बाबतीत ते खरं ठरलं. १९९२ च्या प्रजासत्ताकदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून तेच सोआरेस आले, या वेळी राष्ट्राध्यक्ष म्हणून. २०१७ मध्ये पंतप्रधान अंतोनियू कोश्ता आले, तेव्हा तर मूळच्या गोव्याच्या घराण्याचा माणूसच पाहुणा होऊन आला होता.

पण या वाटेची किंमतही मोजायला हवी. समोरची राजवट बदलेपर्यंत भारत थांबला, आणि तोवर रानड्यांसारख्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. शिवाय करार झाला म्हणजे हिशेब मिटला असंही नाही. पोर्तुगीज बँकेत गोंयकारांनी गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला नेले होते. ते गोव्यात परत आले १९९१ मध्ये. राजदूत जाऊन सोळा वर्षं उलटली होती. गहाण ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पुन्हा हातात घेतले असतील? नात्यांच्या इतिहासात अशा पेटीची दखल कुणी घेत नाही, म्हणून ती मला इथे घ्यावीशी वाटते.

आधी संबंध, प्रश्न चालू राहील

दुसरी भूमिका चीनच्या प्रकरणात आकाराला आली, आणि ती एका दिवसात आली नाही.

युद्धाच्या आधीच, १९६१ मध्ये, राजदूत जी. पार्थसारथी बीजिंगहून परतले होते आणि त्यांच्या जागी कुणी गेलं नव्हतं. युद्धानंतर दोन्हीकडचे वाणिज्य दूतावास बंद झाले. चीनचे मुंबई आणि कलकत्त्यातले, आपले शांघाय आणि ल्हासामधले. राजधान्यांतले दूतावास मात्र प्रभारी अधिकाऱ्यांच्या हाती चालू राहिले. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, जून १९६७ मध्ये, दोन भारतीय अधिकाऱ्यांवर हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांना हाकलण्यात आलं आणि वाटेत त्यांची विटंबना करण्यात आली. त्याच वर्षी नथु ला आणि चो लामध्ये गोळीबार झाला. एवढं होऊनही दोन्ही देशांनी आपापली माणसं एकमेकांच्या राजधानीत ठेवली.

त्याचा उपयोग दिसला तो १ मे १९७० रोजी. तियानानमेनच्या सज्जावर परदेशी प्रतिनिधींच्या रांगेत उभ्या असलेल्या भारताच्या प्रभारी अधिकाऱ्याशी, ब्रजेश मिश्रांशी, माओ हसून बोलले. असं भांडत किती दिवस राहायचं, या अर्थाचं काही. मिश्र तिथे नसते तर ते शब्द कुणाला ऐकवले असते? दिल्लीत त्या हसण्याचा अर्थ काय लावायचा यावर खल झाला. तोवर १९७१ उजाडलं, भारत-सोव्हिएत करार झाला, बांगलादेशचं युद्ध झालं, आणि धागा पुन्हा सुटला.

त्यानंतरचा टप्पा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. २० ऑक्टोबर १९७५ रोजी अरुणाचलातल्या तुलुंग ला इथे आसाम रायफल्सचे चार जवान चिनी गोळीबारात मारले गेले. पुढच्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने के. आर. नारायणन यांना राजदूत म्हणून बीजिंगला पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. मधे जेमतेम सहा महिने. सीमेचा प्रश्न इंचभर पुढे सरकला नव्हता आणि पहिलं पाऊल भारताने टाकलं. काही महिन्यांत चिनी राजदूत दिल्लीत आले.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनमध्ये असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला आणि त्यांना दौरा आटोपता घ्यावा लागला. १९८१ मध्ये सीमेवरच्या चर्चा सुरू झाल्या, कैलास-मानसरोवरची वाट यात्रेकरूंसाठी उघडली. १९८६-८७ मध्ये सुमदोरोंग चूच्या खोऱ्यात सैन्यं समोरासमोर आली. हे ओलांडून डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले, आणि तिथे जे सूत्र ठरलं ते पुढची तीस वर्षं टिकलं. सीमेवर बोलणी चालू राहतील, सीमेवर शांतता राहील, आणि बाकीचे संबंध सीमाप्रश्नासाठी खोळंबून राहणार नाहीत. १९९१ मध्ये ठरल्याप्रमाणे पुढल्या वर्षअखेरीस मुंबई आणि शांघायचे वाणिज्य दूतावास पुन्हा उघडले. ल्हासाचा आजतागायत उघडलेला नाही. नरसिंह रावांच्या काळात १९९३ मध्ये प्रत्यक्ष ताबारेषेवरच्या शांततेचा करार झाला.

या सूत्राचे समर्थक एक आकडा नेहमी पुढे करतात. तुलुंग लानंतर २०२० पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षं, त्या सीमेवर संघर्षात एकही जवान मारला गेला नाही. टीकाकारांचा मुद्दाही तेवढाच सरळ आहे. याच वर्षांत चीनने सीमेपर्यंत रस्ते नेले, आर्थिक ताकद कितीतरी पटींनी वाढवली, आणि प्रश्न 'बाजूला ठेवल्याचा' फायदा ज्याला घाई नव्हती त्याला झाला. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी 'द लाँग गेम' या पुस्तकात चीनने भारताशी केलेल्या वाटाघाटींची सहा प्रकरणं तपासली आहेत. घाई आणि धीर यांचं गणित समजून घेण्यासाठी ते वाचायला हवं.

गलवाननंतर

१५ जून २०२० च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले आणि १९८८ चं सूत्र उलटं झालं. सीमेवर शांतता नसेल तर बाकीचे संबंध पूर्वीसारखे राहणार नाहीत, अशी भूमिका भारताने घेतली. या वेळीही राजदूत कुणी मागे घेतला नाही. तरी ऑक्टोबर २०२२ ते मे २०२४ अशी दीड वर्षं दिल्लीत चिनी राजदूतच नव्हता. लष्करी कमांडरांच्या एकवीस फेऱ्या झाल्या. परराष्ट्र खात्यांमधल्या सीमाविषयक समितीच्या बैठका होत राहिल्या. थेट विमानं बंद होती, व्हिसा अडले होते, मानसरोवर बंद होतं. व्यापार मात्र शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला.

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी देपसांग आणि देमचोकमधल्या गस्तीबाबत तोडगा जाहीर झाला. दोनच दिवसांनी कझानमध्ये मोदी आणि शी भेटले. त्यानंतर गाडी वेगात सुटली. डिसेंबरमध्ये विशेष प्रतिनिधींची बैठक, जानेवारीत परराष्ट्र सचिवांचा दौरा, २०२५ च्या उन्हाळ्यात मानसरोवर यात्रा, जुलैत चिनी पर्यटकांना व्हिसा, ऑगस्टअखेर त्यानजिनची भेट, ऑक्टोबरमध्ये थेट विमान.

याचा अर्थ काय, यावर जाणकारांत एकमत नाही. दबाव कायम ठेवल्यामुळेच चीनला सीमेवर हलावं लागलं, असं एक मत आहे. दुसरं मत असं, की समोरासमोरचं सैन्य मागे हटलं तरी सीमेलगत जमवलेलं सैन्य कमी झालेलं नाही. काही ठिकाणी जिथे पूर्वी गस्त चालायची तिथे आता कोणीच जात नाही अशा मोकळ्या पट्ट्या तयार झाल्या, आणि तरीही संबंध पुन्हा सुरू झाले. मग 'पूर्वस्थिती'ची अट गेली कुठे? दोन्ही मतांना आधार आहे. माझं निरीक्षण एवढंच, की १९७६ आणि २०२४ या दोन्ही वेळी जी माणसं बोलायला बसली, ती आधीच्या दुष्काळातही एकमेकांच्या संपर्कात राहिलेल्या यंत्रणेची होती.

चीनच्या बाबतीत या यंत्रणेच्या बाहेरचाही एक दुवा आहे. युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवेसाठी गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. संबंध चांगले असोत की वाईट, चीनमध्ये त्यांचं स्मारक सांभाळलं गेलं, आणि भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. अशा स्मृतीने सीमा हलत नाही. पण बोलणं पुन्हा सुरू करायचं असेल तर पहिलं वाक्य कुठून घ्यायचं, याची सोय होते.

पाकिस्तान: पायरी-पायरीने वर, पायरी-पायरीने खाली

६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगलादेशला मान्यता दिली आणि पाकिस्तानने संबंध तोडले. दोन्ही बाजूंचं काम स्वित्झर्लंडने पाहिलं. सात महिन्यांत सिमला करार झाला, पण राजदूत जायला आणखी चार वर्षं लागली. हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. आधी सैन्यं मागे आली. मग नव्वद हजारांवर युद्धकैद्यांचा प्रश्न १९७३ आणि १९७४ च्या करारांनी सुटला. मग टपाल, तार, व्हिसा. मग व्यापार. शेवटी, १९७६ च्या वसंतात इंदिरा गांधी आणि भुट्टो यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि जुलैमध्ये विमान, रेल्वे आणि राजदूत असं सगळं एकदम सुरू झालं. समझोता एक्सप्रेस त्याच महिन्यातली. पाकिस्तान राष्ट्रकुलातून बाहेर पडलेला असल्याने तेव्हा गेले ते उच्चायुक्त नव्हते, राजदूत होते. इथे प्रश्न आधी की संबंध आधी, असा सरळ झगडाच झाला नाही. माणसांचे प्रश्न आधी, झेंडा शेवटी, असा तो क्रम होता.

२००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, उच्चायुक्त परत आले, रेल्वे-विमानं थांबली. एप्रिल २००३ मध्ये वाजपेयींनी श्रीनगरमधून मैत्रीचा हात पुढे केला. जुलैत उच्चायुक्त आणि लाहोरची बस दोन्ही सुरू झाले, नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी. दोन वर्षांच्या आत वर्तुळ पूर्ण झालं. ऑगस्ट २०१९ नंतरची कथा उलट्या दिशेची आहे. जम्मू-काश्मीरबाबतच्या निर्णयानंतर पाकिस्तानने भारतीय उच्चायुक्तांना परत पाठवलं. जून २०२० मध्ये दोन्हीकडचे कर्मचारी एकशे दहावरून पंचावन्नवर आले. पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, ते तीसवर आले, अटारीचं नाकं बंद झालं, सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला. मेमधल्या चार दिवसांच्या लढाईनंतर गोळीबार थांबला तो दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्या दूरध्वनीने.

दहशतवाद चालू असताना संवाद नाही, ही भारत सरकारची आजची भूमिका आहे, आणि २६ नोव्हेंबर २००८ पाहिलेल्या मुंबईत ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. संवाद म्हणजे बक्षीस, ते हल्लेखोराला पोसणाऱ्याला का द्यायचं? विरुद्ध बाजूचे मुत्सद्दी म्हणतात, की उच्चायुक्त हा बक्षीस नव्हे, तो डोळे आणि कान आहे. शत्रूच्या राजधानीत तो मित्राच्या राजधानीपेक्षा जास्त लागतो. पहिल्यांचं उत्तर असं, की हल्ल्यांच्या आधी तिथे उच्चायुक्त होतेच, त्यांनी काय थांबवलं? हा युक्तिवाद अजून कुठेही निर्णायकपणे संपलेला नाही.

छत्री आणि मध्यस्थ

या दोन भूमिकांच्या मधली एक वाट ब्रिटन आणि अर्जेंटिनाने शोधली. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं आणि संबंध तुटले. ऑक्टोबर १९८९ मध्ये माद्रिदला ते बोलायला बसले, तेव्हा एक सूत्र ठरलं: इथे जे बोललं जाईल त्यातलं काहीही बेटांच्या सार्वभौमत्वाविषयी कुणाची भूमिका बदलल्याचं लक्षण मानलं जाणार नाही. सार्वभौमत्वावर छत्री धरली आणि तिच्याखाली बाकीची कामं केली. फेब्रुवारी १९९० मध्ये संबंध पूर्ववत झाले. बेटांचा वाद आजही तसाच आहे. छत्री टिकली हे यश, की पाऊस कधी थांबलाच नाही हे अपयश, यावर तिथल्या लोकांचंही एकमत नाही.

तिसऱ्या देशाची मदत घ्यावी का, हा पुढचा वाद. सौदी अरेबिया आणि इराणचे संबंध जानेवारी २०१६ मध्ये तुटले. इराक आणि ओमानमध्ये बोलण्याच्या फेऱ्या झाल्या आणि शेवटची सही १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये. अमेरिका आणि क्यूबा यांच्यात पोप फ्रान्सिस आणि कॅनडा यांनी जागा करून दिली आणि २०१५ मध्ये, चौपन्न वर्षांनी, दूतावास उघडले. व्यापारबंदी मात्र तशीच राहिली. भारताने सिमल्यापासून द्विपक्षीयतेचा आग्रह धरला आहे. मोठ्या देशाला मध्यस्थ नको असतो, कारण मध्यस्थ आला की दोन्ही बाजू समान मानल्या जातात. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तरी रानड्यांसाठी रोममध्ये शब्द टाकावा लागला, आणि १९७१ नंतर स्विस अधिकाऱ्यांनी काम पाहिलं, हेही त्याच भारताच्या अनुभवातलं आहे.

कॅनडा: वेग वाढला आहे

सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर यांच्या कॅनडातल्या हत्येबाबत संसदेत भारतावर आरोप केला. भारताने तो फेटाळला. ऑक्टोबरात कॅनडाचे एकेचाळीस अधिकारी परत गेले आणि मुंबई, बंगळूर, चंदीगडच्या वाणिज्य दूतावासांत समक्ष होणारी कामं थांबली. वर्षभराने दोन्ही देशांनी सहा-सहा अधिकारी हाकलले, त्यात भारताचे उच्चायुक्तही होते. मार्च २०२५ मध्ये कॅनडात पंतप्रधान बदलले. जूनमध्ये कॅनानास्किसला मोदी आणि नवे पंतप्रधान कार्नी भेटले आणि ऑगस्टअखेर दोन्हीकडे नव्या उच्चायुक्तांची नावं जाहीर झाली.

इथे मूळ प्रकरण कॅनडाच्या न्यायालयांत आहे, आणि दोन्ही सरकारांनी संबंध त्यापासून वेगळे काढले. पोर्तुगालप्रमाणे इथेही समोरची व्यक्ती बदलली तेव्हाच दार उघडलं. फरक असा, की वीस वर्षांऐवजी दोन वर्षं लागली. लाखो विद्यार्थी, स्थलांतरित आणि डाळींपासून खतापर्यंतचा व्यापार मधे असेल, तर सरकारांना फार काळ रुसून राहता येत नाही. व्हिसासाठी अडकलेल्या विद्यार्थ्यांत पुण्या-मुंबईचीही मुलं होती. असं नातं लवकर जुळतं खरं. ते जुळल्यावर मूळ आरोपाचं, न्यायाचं काय होतं, हे मात्र अजून कळायचं आहे.

जे सुटलेलं नाही

काही प्रश्न या चारही प्रकरणांतून उरतात. संपर्क असल्याने संकट टळतं का? २०१७ मध्ये डोकलामला सैन्यं समोरासमोर आली आणि नंतर गलवान झालं, तेव्हा दूतावास, विशेष प्रतिनिधी, शिखर भेटी, सगळं होतं. संपर्काने संकट आवरतं, असं म्हणायला पुरावा जास्त आहे. टळतं असं म्हणायला कमी. पडद्याआडच्या बोलण्यांचा हिशेब संसदेला केव्हा द्यायचा, यावर आपल्याकडे कधी नीट चर्चाच झालेली नाही. गुप्तता नसेल तर बोलणी सुरूच होत नाहीत. ती फार लांबली तर लोकांना तडजोड विश्वासघात वाटते. आणि 'पूर्ववत' म्हणजे कोणत्या दिवसासारखं? भारत-चीनच्या बाबतीत एप्रिल २०२० हे उत्तर होतं. आता ते तितक्या ठामपणे दिलं जात नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रश्न वाणिज्यदूताच्या टेबलाचा आहे. राजदूतावरून सरकारं भांडतात, पण माणसांचं काम या टेबलावर होतं. भारताचा कराचीतला आणि पाकिस्तानचा मुंबईतला वाणिज्य दूतावास १९९४ पासून बंद आहे. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानी यंत्रणा त्यांना पकडते आणि ते कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. ही देवघेव अत्यंत वाईट दिवसांतही थांबलेली नाही. २००८ च्या करारानुसार अटकेपासून तीन महिन्यांत वाणिज्यदूताची भेट व्हायला हवी, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सुटका. ही खात्री पटवायची म्हणजे कुणीतरी तुरुंगात जाऊन त्या माणसाला गाव, बाप, शाळा विचारायची, ते कागद दिल्लीला, तिथून पालघरच्या पोलीस ठाण्यात, आणि तोच रस्ता परत. कराचीत आपलं कुणी नाही, म्हणून हे काम इस्लामाबादहून चालतं, आणि तिथे आता तीसच माणसं आहेत.